मँगोस्टीनच्या बीला घाई असते

जूनच्या अखेरीस क्रॉफर्ड मार्केटात गेलात, तर हापूसच्या पेट्या आवरलेल्या असतात आणि त्यांच्या जागी केसाळ लाल रंबुतान, गडद जांभळे मँगोस्टीन, गुलाबी ड्रॅगनफ्रूट असा नवा दरबार भरलेला असतो. विक्रेता एक फळ सोलून हातावर ठेवतो. भाव ऐकून आपण दचकतो आणि तरीही पाव किलो घेतो. घरी खाऊन झालं की ताटलीत बिया उरतात. ज्याच्या आजोळी चार झाडं होती, त्याचा हात त्या बिया केरात टाकायला धजत नाही.

मी पहिल्या वर्षी मँगोस्टीनच्या बिया स्वच्छ धुतल्या, वर्तमानपत्रावर पसरल्या आणि आठवडाभर खिडकीत वाळवल्या. गावी मिरचीचं आणि वांग्याचं बियाणं असंच वाळवताना पाहिलं होतं. मग कुंडीत पेरल्या. महिनाभर पाणी घातलं. काही नाही. उकरून पाहिलं तर बिया तपकिरी आणि मऊ पडलेल्या. फळंच शिळी असणार, असं म्हणून मी विषय मिटवला. खरं तर त्या बियांना मीच मारलं होतं, तेही मोठ्या काळजीने.

झालं काय, ते समजून घ्यायला आधी मिरचीच्या बीकडे पाहू. मिरची, वांगं, भेंडी, ज्वारी यांची बी झाडावर असतानाच झोपेची तयारी करते. पाणी कमी होत जातं, तशा तिच्या पेशींमध्ये साखरा आणि काही खास प्रथिनं साठत जातात. आतला सगळा माल काचेसारखा घट्ट होऊन जागच्या जागी थांबतो. श्वास जवळपास बंद. अशी बी पाच टक्के ओलाव्यापर्यंत वाळवून थंड जागी ठेवली, तर कित्येक वर्षं टिकते. पाणी मिळालं की जागी होते.

मँगोस्टीन, रंबुतान, लिची, ड्युरियन आणि ॲव्होकाडो यांच्या बिया झोपतच नाहीत. फळ पिकतं तेव्हा आत बी ओलसर, जिवंत, श्वास घेत असलेली असते आणि बाहेर पडताक्षणी तिला रुजायचं असतं. झोपेची ती काचेसारखी तयारी तिने केलेलीच नसते. त्यामुळे ओलावा एका मर्यादेखाली गेला, साधारण वीस-तीस टक्क्यांच्या आसपास आला, की पेशींची पातळ आवरणं फाटतात आणि खेळ संपतो. मग कितीही पाणी घाला. ब्रिटिश शास्त्रज्ञ रॉबर्ट्स यांनी १९७३ साली बियांचे हे दोन गट वेगळे मांडले. पहिल्या गटाला त्यांनी दिलेल्या नावाचा अर्थ होतो सनातनी, आणि दुसऱ्याचा हट्टी. साठवणूक करणाऱ्याच्या बाजूने पाहिलं तर हट्टी हे नाव बरोबर आहे. बीच्या बाजूने पाहिलं तर मात्र ती हट्टी नाही, घाईत आहे.

ही घाई कशासाठी, याचं उत्तर कोकणात मे महिन्याच्या शेवटी कोणत्याही परड्यात उभं राहिलं की मिळतं. आंबा, फणस, रातांबा ही तिन्ही फळं पाऊस तोंडावर आला की पिकतात आणि गळतात. बी जमिनीवर पडते आणि आठ-पंधरा दिवसांत मृग लागतो. थांबायचं कशाला? उलट सीताफळ पाहा. ते पिकतं पाऊस ओसरताना, पुढे सात-आठ महिने कोरडे. बोर तर थंडीतलं. या दोघांच्या बियांना पुढच्या पावसापर्यंत तग धरायचा असतो, म्हणून त्या कडक कवचाच्या आणि वाळवून ठेवण्याजोग्या. मलेशिया-इंडोनेशियाच्या जंगलात तर पाऊस जवळपास बारमाही. तिथल्या मँगोस्टीनला दुष्काळाची कल्पनाच नाही, मग तो बीसाठी शिदोरी कशाला बांधून देईल?

आमच्या आजीला यातलं शास्त्र माहीत नव्हतं, पण आठळ्या तिने कधी उन्हात टाकल्या नाहीत. लाल मातीच्या चिखलात घोळवून ती त्या पडवीच्या गार कोपऱ्यात रचून ठेवायची आणि श्रावणापर्यंत एकेक काढून भाजीत घालायची. ओल धरून ठेवायची, वारा लागू द्यायचा नाही. फणसाची बीसुद्धा त्याच घाईवाल्या गटातली. फार पिकलेला फणस फोडला तर कधी कधी आठळीला आतच मोड आलेला दिसतो, तो त्याचा पुरावा.

या गटाची अडचण सरकारांनाही आहे. नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर २००८ साली बर्फाळ डोंगरात जगभरच्या पिकांच्या बियांची तिजोरी उघडली. तिथे तापमान उणे १८ अंश. भाताचे, गव्हाचे, ज्वारीचे हजारो वाण तिथे सुरक्षित झोपले आहेत. पण त्या तिजोरीत आंब्याचा बाठा ठेवता येत नाही, आठळी नाही, मँगोस्टीन तर नाहीच. वाळवली तर मरते, आणि ओली गोठवली तर आत बर्फाचे स्फटिक होऊन फुटते. अशा फळांचे वाण राखायचे तर झाडंच राखावी लागतात किंवा बीमधला इवलासा गर्भ काढून द्रवरूप नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंशांवर ठेवण्याचा खटाटोप करावा लागतो.

तेव्हा पहिला नियम हा की खाल्ल्या दिवशीच पेरा. मँगोस्टीनच्या बीला बाहेर तीन-चार दिवस म्हणजे खूप झाले, रंबुतानला आठवडा. फळाच्या आत ती जास्त टिकते, म्हणून पेरायची तयारी नसेल तर फळ फोडू नका. आणि फ्रिजमध्ये ठेवू नका. या बिया उष्ण प्रदेशातल्या, थंडीनेही दगावतात. दुकानातलं फळ परदेशातून गार डब्यात आलेलं असेल तर थोडी जोखीम तिथेच घडून गेलेली असते, तिला इलाज नाही. केरळमधून आलेली फळं मिळाली तर ती घ्यावीत. प्रवास कमी, बी ताजी. त्रिशूर जिल्ह्यात चालकुडीजवळच्या परियारमच्या नदीकाठच्या परसांमध्ये मँगोस्टीन पिढ्यान्‌पिढ्या आहे आणि रंबुतान तर आता मध्य केरळात घरोघरी दिसतो.

घेताना मँगोस्टीन अंगठ्याने हलकेच दाबून बघा. साल किंचित दबली पाहिजे. दगडासारखी झाली असेल तर फळ जुनं, आतली बीही गेली. वरची टोपी हिरवी हवी. फळ उलटं केलंत की बुडाला लाकडी फुलासारखी नक्षी दिसते. तिच्या पाकळ्या मोजा, आत बरोबर तितक्याच पांढऱ्या फोडी निघतात. मुलांसमोर ही जादू करून दाखवायला छान आहे. बी मात्र प्रत्येक फोडीत नसते. एक-दोन थोराड फोडींत असते, कधी एकाही फोडीत नसते. तेव्हा लावण्यासाठी घेत असाल तर चवीच्या लोकांसारखी बारीक फोडींची फळं निवडू नका. जाड बी घ्या, तिचं रोप दमदार होतं. रंबुतानच्या बाबतीत केस पाहायचे. लवचीक आणि टोकाला हिरवट असले तर ताजा, काळे पडून कडकडीत झाले तर राहू द्या.

आता दुसरा प्रश्न. बी रुजली, रोप झालं, पुढे फळ लागलं, तर ते बाजारातल्या त्या फळासारखंच असेल का?

हापूसचा बाठा लावून हापूस मिळत नाही, हे कोकणात शेंबड्या पोराला ठाऊक असतं. मिळतो तो रायवळ. गोड निघाला तर नशीब, नाही तर लोणच्याला. कारण बाठ्यातला गर्भ हे आई-बापाचं मूल. आई हापूस हे आपल्याला माहीत, पण मोहोरावर बसलेली माशी कोणत्या झाडाचा पराग पायाला लावून आली, हे कोण सांगणार? आणि एकाच आई-बापाची मुलंसुद्धा सारखी कुठे असतात? म्हणून हापूसचं कलम बांधतात. कलम म्हणजे मूल नव्हे, त्याच झाडाची फांदी दुसऱ्या मुळांवर उभी केलेली.

पण आंब्यातच एक दुसरी गंमत आहे. थायलंडचा नाम डॉक माय किंवा फिलिपिन्सचा काराबाओ हे महागड्या फळदुकानांत कधी कधी दिसतात. त्यांचा बाठा लावला तर एकातून तीन-चार कोंब येतात. यातला फार तर एखादा कोंब आई-बापाचं खरं मूल असतो. बाकीचे आईच्याच पेशींतून, बीच्या आतल्या आवरणातून फुटलेले असतात. त्यात बापाचा वाटा शून्य, म्हणजे बीच्या वेशात आलेलं कलमच. असे बहुगर्भी आंबे आपल्या पश्चिम किनाऱ्यावर, विशेषतः केरळात, काही आहेत. हापूस मात्र एकगर्भी.

आणि मँगोस्टीनने तर बापाला घरातूनच काढून टाकलं आहे. त्याच्या फुलात पराग जवळपास निकामी, नर झाडं व्यवहारात सापडत नाहीत आणि बी परागाशिवायच तयार होते. आपण बी म्हणतो ती खऱ्या अर्थाने बी नव्हेच, आईच्या पेशींचा गोळा आहे. म्हणूनच तिचे तुकडे केले तर तुकड्यांनाही कोंब फुटू शकतात. मी एकदा करून पाहिलं, दोन तुकड्यांतून एक उगवला, पण रोप रोडावलेलं राहिलं. तुम्ही अखंडच लावा. मुद्दा हा की मँगोस्टीन बीपासून लावला तरी फळ आईसारखंच. बाजारातून आणून लावण्याच्या छंदात इतकी हमी देणारं झाड फार क्वचित भेटतं.

आता त्याच्या घरातली दुसरी बाजू पाहा. आपला रातांबा, तोच ज्याची आमसुलं आणि आगळ होतं, तो मँगोस्टीनचा सख्ख्या कुळातला. वनस्पतिशास्त्रात दोघांचं आडनाव एकच, गार्सिनिया. रातांबा सोलून त्यातला पांढरट आंबटगोड गर चोखलेल्या माणसाला मँगोस्टीनची चव पहिल्या घासाला ओळखीची वाटते, याचं कारण हेच असावं असं मला वाटतं. पण रातांब्यात नर आणि मादी झाडं वेगळी. बीपासून शंभर रोपं केली तर निम्म्याच्या आसपास नर निघतात, आणि ते कळतं सहा-सात वर्षांनी, फूल आल्यावर! सात वर्षं पाणी घालून, गुरांपासून राखून झाड मोठं करायचं आणि मग समजायचं की याला रातांबा लागणारच नाही. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने कोकण अमृता, कोकण हातीस असे वाण काढले आणि त्यांची कलमं द्यायला सुरुवात केली, ती या दुखण्यावर मोठी मात्रा आहे. मादी झाडाची काडी बांधली की झाड मादीच.

रंबुतानची गत रातांब्यासारखी. बीपासून उगवलेल्या रोपांतली निम्मी-शिम्मी नर. जी फळतात त्यांचीही फळं आईसारखी असतील असं नाही. गर आठळीला चिकटून राहणारा, सालीचाच मोठा पसारा असलेला, आंबट, काहीही निघू शकतो. म्हणून केरळातले बागायतदार डोळा भरलेली, म्हणजे चांगल्या झाडाच्या फांदीवरचा डोळा काढून बसवलेली रोपंच लावतात. कर्नाटकात कोडगूमधल्या चेट्टळ्ळीच्या फळबाग संशोधन केंद्राने अर्का कूर्ग अरुण नावाचा वाण दिला आहे, त्याचीही कलमं मिळतात. दोन-चार एकरांत रंबुतान लावायचा विचार असेल तर बाजारातल्या बिया विसरा आणि खात्रीची कलमं घ्या. हे मी छंदाच्या बाजूचा असूनही सांगतो.

तरी बीच्या लॉटरीला कधी कधी मोठं बक्षीस लागतं. कॅलिफोर्नियात रुडॉल्फ हास नावाच्या पोस्टमनने १९२० च्या दशकात ॲव्होकाडोच्या काही बिया विकत घेऊन लावल्या. त्यांवर त्याला त्या काळच्या नामांकित जातीचं कलम करायचं होतं. एका रोपावर कलम काही केल्या धरेना. ते उपटून टाकायचं चाललं होतं, पण तसंच राहिलं. त्याला आलेली काळपट, खडबडीत सालीची फळं मुलांना आवडली. १९३५ साली त्याने त्या झाडाचं पेटंट घेतलं. आज जगात सर्वांत जास्त विकला जाणारा हास ॲव्होकाडो हा त्या एका झाडाचा कलमांनी वाढवलेला विस्तार. मूळ झाड २००२ साली मेलं. आपला एकेक नामी आंबाही कधी तरी असाच कुणाच्या तरी परसातला रायवळ असणार.

लावायचं कसं, ते फार अवघड नाही. बीवरचा गर पूर्ण काढायचा, नाही तर मुंग्या आणि बुरशी दोन्ही येतात. रंबुतान आणि लिचीचा गर सुटत नसेल तर लाकडाच्या भुशात किंवा राखेत चोळा. मग कोकोपीट, वाळू आणि जुनं कुजलेलं शेणखत समभाग घेऊन त्यात बी आडवी, जेमतेम पेराएवढी खोल ठेवायची. पिशवी खोल घ्या. आइस्क्रीमचा डबा नको. मँगोस्टीनचं सोटमूळ सरळ खाली जातं, बाजूची मुळं अगदी विरळ असतात आणि एकदा दुखावली की रोप रुसतं. दोन-तीन आठवड्यांत कोंब येतो. इथे एक चमत्कारिक दृश्य दिसतं. मूळ बीच्या एका टोकातून निघतं आणि कोंब दुसऱ्या टोकातून, आणि पुढे कोंबाच्या बुडाशी नवंच मूळ फुटून तेच खरा भार घेतं. पहिलं मूळ सुकलेलं पाहून मी एक रोप मेलं समजून फेकलं होतं, म्हणून सांगितलं.

ॲव्होकाडोची बी काड्या टोचून पाण्याच्या पेल्यावर अधांतरी टांगायची, हा प्रकार घरोघरी चालतो. बघायला मजा, पण मातीत रुंद बाजू खाली ठेवून लावलेली बी माझ्याकडे जास्त बळकट रोप देते. ड्रॅगनफ्रूटच्या खसखशीएवढ्या काळ्या बिया आठवडाभरात हिरव्या लवेसारख्या उगवतात. लहान मुलांना लावायला द्यायचं तर हेच. फळ हवं असेल तर शेतकरी लावतात तसा खोडाचा तुकडा लावा. बीपासून पाच-सहा वर्षं जातील, तुकड्याला साधारण दुसऱ्या वर्षापासून फूल येतं. लक्ष्मणफळाची बी कडक आहे, महिनोन्‌महिने टिकते आणि सावकाश रुजते. फक्त ती फोडू किंवा वाटू नका आणि ते हात डोळ्यांना लावू नका. सीताफळाच्या बियांची पूड उवांसाठी डोक्याला लावताना डोळ्यांना इजा झालेली माणसं आहेत, आणि लक्ष्मणफळ त्याचंच भावंड.

रोपांना पहिली दोन वर्षं सावली हवी, निम्मं ऊन अडवणारी हिरवी जाळी चालते. मँगोस्टीन जंगलात मोठ्या झाडांखाली वाढतो. त्याचं वाढणंही असं की दोन वर्षांत दोन वितींवर फारसं जात नाही. फळ यायला आठ-दहा वर्षं धरा, जास्तही लागतात. कोकणातली जांभ्याची आम्लधर्मी माती आणि दमट हवा या मंडळींना मानवते, फक्त दिवाळीनंतर पाणी द्यावं लागतं. पुण्या-नाशकाकडे मार्च-एप्रिलची कोरडी झळ पानांच्या कडा जाळते आणि चुनखडीच्या काळ्या मातीत रंबुतानची पानं पिवळी पडतात, कारण अशा मातीत मुळांना लोह उचलता येत नाही. तिकडे कुंडीत वेगळी माती भरून शोभेपुरतं झाड ठेवता येईल, फळाची आशा मी धरणार नाही.

अमेरिकेत राहणारे नातेवाईक विचारतात, इथे मिळणारा हापूस खाऊन बाठा लावू का? २००७ पासून अमेरिकेत जाणाऱ्या आपल्या आंब्याला लासलगावसारख्या केंद्रात ४०० ग्रे इतक्या विकिरणाची मात्रा देतात, कारण बाठ्यात भुंग्याची अळी लपलेली असू शकते. फळ खायला उत्तम राहतं, पण अळीला नपुंसक करणारी मात्रा कोवळ्या गर्भाला कुठून सोसणार? लावून वेळ दवडू नका.

हाच भुंगा उलट्या दिशेनेही आठवावा. बँकॉकच्या बाजारात ड्युरियन आणि मँगोस्टीन खाऊन झाल्यावर बिया ओल्या रुमालात गुंडाळून बॅगेत टाकायचा मोह होतो. आपल्याकडे २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशानुसार लावणीची बी आणायला परवाना आणि तिथल्या सरकारचं रोगमुक्ततेचं प्रमाणपत्र लागतं. यामागे नुसती कागदी कटकट नाही. बीच्या आत बसून आलेली एक कीड कोकणातल्या बागांना किती महागात पडेल, याचा विचार करा. ड्युरियन हवाच असेल तर निलगिरीच्या उतारावर कल्लार आणि बर्लियारच्या सरकारी बागांत तो पूर्वीपासून आहे, मँगोस्टीनही आहे.

माझ्या गॅलरीत आज मँगोस्टीनची चार रोपं आहेत, जाड चामड्यासारख्या पानांची, ढिम्म. रंबुतानचं एकच, पण ते कमरेएवढं झालं. येत्या पावसाळ्यात ते गावी रातांब्याच्या शेजारी लावायचं ठरलंय. त्याआधी त्यावर केरळातून आणलेल्या मादी झाडाचा डोळा भरून घ्यावा, असं माझं मत. आई म्हणते, राहू दे तसंच, काय निघतंय ते बघू.